फियाटची मधली जागा

आमच्या फियाटच्या मागच्या सीटवर अगदी मधोमध माझे सासरे बसायचे आणि त्या जागेवर दुसरं कुणी कधी बसत नसे. तिथं त्यांची धाबळी अंथरलेली असायची. लोकर सोवळ्यात चालते, रेक्झिनचं सीट चालत नाही आणि दारांना तर सतरा जणांचे हात लागतात. म्हणून दोन्ही दारांपासून सारखं अंतर राखून, एका बाजूला पळी-पंचपात्राची पिशवी आणि दुसऱ्या बाजूला पंचा ठेवून मामंजी मांडी घालून बसत. ते गाडीत नसले तरी धाबळी तिथंच. भाजीची पिशवी आम्ही पायाशी ठेवायचो, पाहुणे आले तर दोघंदोघं पुढच्या सीटवर कोंबायचो, पण धाबळीला बोट लावायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती, आणि मी काही गरीब गाय म्हणून त्या घरात आले नव्हते.

मी मूळची साताऱ्याची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन थेट काशीला, ब्रह्माघाटावर येऊन पडले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात सासरे, नवरा आणि मी अशी तीनच माणसं. सासरे वेदपाठी, त्यांची तिसरी पिढी तिथं. नवरा बँकेत. या लोकांचं मराठी ऐकून मी पहिलं वर्षभर हसू दाबत होते. ‘गलीत पानी भरलंय, तू चप्पल हातात पकडून ये,’ असं नवरा अगदी गंभीरपणे सांगायचा. पुढं पुढं मीच तसं बोलायला लागले, आणि साताऱ्याला गेले की आई माझ्या तोंडाकडं बघत राहायची.

गाडी नवऱ्यानं घेतली, नव्वदीच्या सुरुवातीला, बँकेतल्याच कुणाची जुनी. त्याला गाडी घ्यायची जेवढी हौस होती तेवढीच ती चालवायची भीती. समोरून सांड आला की हा स्टिअरिंग सोडून हॉर्नच दाबत बसायचा. शेवटी वैतागून मीच शिकले. ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत गाडी शिरायचा प्रश्नच नाही, ती मच्छोदरीजवळ ओळखीच्या एका आवारात उभी असायची आणि आम्ही तिथवर चालत जायचो. मामंजी पुढं, मी मागं, आणि वाटेत जो भेटेल तो त्यांच्या पायाला हात लावायला वाकायचा, की हे दोन पावलं मागं सरकायचे.

गाडीचं खरं काम एकच होतं. रामनगरला एका जुन्या मठाच्या ओसरीवर मामंजी मुलांना वेद शिकवायचे. आधी नावेनं जात. गुडघे कुरकुर करायला लागल्यावर नाव सुटली आणि ते काम माझ्याकडं आलं. आठवड्यातून दोनदा राजघाटचा पूल ओलांडायचा, पडाववरून वळायचं आणि रामनगरला जायचं. ते शिकवायचे तेवढा वेळ मी ओसरीच्या भिंतीबाहेर गाडीत बसून मटार सोलायची, नाहीतर मी शिकवत होते त्या शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासायची. आतून मुलांचा पाठ ऐकू यायचा आणि मधेच मामंजींचा आवाज, “हं, पुन्हा.” मग तीच ओळ पुन्हा. अर्थ मला फारसा कळत नसे, पण त्या ‘पुन्हा’ची सवय झाली होती.

एका हिवाळ्यात मामंजींचे जोडीदार गेले. वेद म्हणायला दोघं समोरासमोर बसतात, एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं उचलायचं, कधी दोघांनी मिळून म्हणायचं. हे जोडीदार पंचगंगा घाटावर राहत. मुंज झाल्यापासून दोघं एकत्र. त्यांच्याशी मामंजींचं इतर काही बोलणं व्हायचं असं मला कधी दिसलं नाही. यायचे, बसायचे, म्हणायचे, उठायचे. जाताना एकमेकांना ‘येतो’सुद्धा म्हणत नसत. ते गेल्यावर मामंजी रडले नाहीत, पण संध्याकाळी त्या वेळेला बैठकीत एकटेच बसून राहायचे आणि समोरचा पाट उचलू द्यायचे नाहीत.

मग जोडीदारांच्या पुतण्यानं एक कॅसेट आणून दिली. कधीतरी एका दुपारी अंगणात दोघांच्या मधे टेपरेकॉर्डर ठेवून त्यानं पाठ भरून घेतला होता. मामंजींनी ती दोन्ही हातांनी घेतली. पण आमच्या घरचा टेपरेकॉर्डर कॅसेट खायचा. त्यात ती घालायची कुणाची हिंमत होईना. राहता राहिला गाडीतला टेप. तो जुना असला तरी सज्जन होता.

म्हणून रामनगरच्या रस्त्यावर कॅसेट लागायला लागली. पण टेपचा स्पीकर एकच, तोही पुढं, डबीएवढा. फियाटचं इंजिन, पडावचे खड्डे, ट्रकवाल्यांचे हॉर्न. मागून मामंजी म्हणायचे, “सूनबाई, आवाज वाढव.” मी म्हणायचे, “मामंजी, याच्यापुढं वाढत नाही.” असं दोन-चारदा झाल्यावर मी नवऱ्याच्या कानावर घातलं, आणि तिथूनच सगळं रामायण सुरू झालं.

नवरा एकदम उत्साहात आला. लहुराबीरच्या बाजारातून तो एक अँप्लिफायर घेऊन आला, सुटकेसच्या आकाराची काळी पेटी, आणि तव्याएवढे दोन स्पीकर. मिस्तरी नको, मीच लावणार, म्हणाला. रविवारी दिवसभर आवारात गाडीखाली डोकं आणि बाहेर पाय. पेटी पुढच्या सीटखाली बसवली, स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीवर, एक डावीकडं, एक उजवीकडं, वरून जाळी. मधल्या धाबळीला धक्का न लावता हे सगळं केलं हे त्यानं मला तीनदा सांगितलं. वडिलांवर त्याचा जीव होता. तो त्याला बोलून दाखवता येत नव्हता, म्हणून असा वायरीतून निघायचा.

पुढच्या खेपेला कॅसेट लावली. मामंजी पडाव येईपर्यंत कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, “सूनबाई, आता तर काहीच लागत नाही. पूर्वी थोडं तरी यायचं.”

मला पुढं ऐकू येत होतं. जरा पातळ वाटत होतं, पण येत होतं. मी बटण फिरवलं, आणखी फिरवलं. बाजूनं जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला. मागून उत्तर तेच. “लांबून कुणीतरी माठात तोंड घालून म्हणतंय असं येतंय. खालचा स्वर तर हाताला लागतच नाही.”

“अँप्लिफायर वीक आहे,” असं संध्याकाळी नवऱ्यानं जाहीर केलं. मग त्यानं एकेक तपासायला घेतलं. बॅटरीला मीटर लावून बघितला, बॅटरी चांगली. फ्यूज काढून बदलला. पेटीची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जिथं कसली होती तिथला रंग खरवडून काढला आणि स्क्रू पुन्हा आवळला. टेपचं हेड कापसानं पुसलं. टेपपासून पेटीपर्यंतची वायर नवी टाकली. पेटीवरचा आवाजाचा नॉब शेवटापर्यंत फिरवला. दर वेळी एक काम झालं की तो मागचं दार उघडून डोकं आत घालायचा, स्पीकरजवळ कान न्यायचा आणि खूश होऊन म्हणायचा, “अब देख. दणदणीत.” आणि दर वेळी रामनगरच्या रस्त्यावर मामंजी मान हलवायचे.

शेवटी मी रामनगरच्या बाजारातल्या मिस्तरीकडं गाडी नेली. लग्नाच्या वरातीतल्या जीपगाड्यांना भोंगे बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पान तोंडात, बोलणं मिठास. मामंजी ओसरीवर शिकवत होते तेवढ्यात त्यानं सगळं उघडून बघितलं. धाबळी दिसल्यावर म्हणाला, “पंडितजी का आसन है, हम नहीं छुएँगे,” आणि उजव्या दारातून कान लावला, मग फिरून जाऊन डाव्या दारातून कान लावला. “भाभीजी, टनाटन बज रहा है.” मग स्वतःच्या कानाजवळ बोट नेऊन त्यानं हळूच हात हलवला. मशिनचं काही नाही, वय झालं, असं त्याला म्हणायचं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या सासऱ्यांचे कान हा काय पानाच्या दुकानावर बोलायचा विषय आहे? पण तो काही वाईट हेतूनं बोलला नव्हता आणि खरं सांगायचं तर माझा नवराही त्याच मुक्कामाला येऊन पोचला होता. “बाबूंना ऐकायला कमी येतंय,” असं तो आठवडाभर वडिलांबद्दल पुटपुटत होता. घरात हाक मारली तर ओ देत नाहीत, जेवायला काय करू विचारलं तर उत्तर नाही. पुरावाच पुरावा.

आता आमच्या घरात ऐकू न येणं आणि उत्तर न देणं यांत फरक कुणी कधी केलाच नव्हता. पूजा होईपर्यंत मामंजींचं मौन. पूजा झाल्यावर जेवणाविषयी बोलणं त्यांना हलकं वाटायचं. आणि मी एकदा स्वैपाकघरात स्वतःशीच म्हटलं होतं, ‘यांना आमटीत गूळ घालून घालून माझा हात दुखायला लागला,’ तर बैठकीतून आवाज आला होता, “मग घालू नकोस, मला कुठं आवडतो.” ज्याला भिंतीपलीकडून गूळ ऐकू येतो त्याला तव्याएवढ्या स्पीकरातून आपल्या जोडीदाराचा आवाज येत नाही? मी नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “त्यांना जे ऐकायचं ते ऐकतात.” मी म्हटलं, हेच तर मी म्हणतेय. त्यावर तो उठून मीटर शोधायला गेला.

कानाच्या डॉक्टरकडं जायला मामंजी साफ नाही म्हणाले. कानात यंत्र घालून वेद शिकवणारा त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि आपण पहिले व्हायचं नव्हतं. आम्हीही फार ताणलं नाही.

आणि मग ज्येष्ठातल्या एका रणरणत्या दुपारी, परत येताना, राजघाटच्या पुलावर आमच्यापुढं ट्रकांची रांग लागली. खालून रेल्वे धडधडत गेली, पूल हलला. ती गेल्यावर मामंजी मागून शांतपणे म्हणाले, “सूनबाई, व्यासपौर्णिमेला मी निरोप घेणार. पाठशाळा आता दुसऱ्या कुणी बघावी.”

मी आरशात बघितलं. ते बाहेर नदीकडं बघत होते.

“का पण?” मी म्हटलं. “मुलांचं ऐकू येतं ना तुम्हाला?”

“येतं. पण किती येतं आणि किती सुटतं हे मला कसं कळणार? जे सुटलं ते सुटलंच.”

“काहीतरीच काय, मामंजी.”

“काहीतरी नाही. पूर्वी एका बैठकीत मी किती वेळा थांबवायचो, तू बाहेर बसून ऐकतेस ना? होळीपासून मी एकदाही थांबवलेलं नाही. एकही चूक कानाला लागली नाही. पोरांच्या चुका व्हायच्या थांबतात का कधी? मला ऐकू यायच्या थांबल्या.” मग नदीकडं बघतच म्हणाले, “त्याचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. तुम्ही सगळे म्हणता दणदणीत वाजतोय, आणि मला तो लागत नाही. चुकीचा पाठ माझ्यासमोरून पुढं गेला तर ही पोरं उद्या तोच शिकवतील. ते पाप माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

खरंच होतं, भिंतीबाहेर बसून मलाही कितीतरी दिवसांत ते ‘हं, पुन्हा’ ऐकू आलं नव्हतं. घरी येऊन मी भांडी अशी आपटली की शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, काय झालं. काय सांगणार, कपाळ माझं. ज्या माणसाला आठवडाभरात या एकाच कामासाठी बोलावंसं वाटायचं तेच काम तो सोडायला निघाला होता, आणि कारण काय तर गाडीतला एक डबा वाजत नाही. मला त्या पेटीचा इतका राग आला होता की ती उचलून पंचगंगा घाटावरून गंगेत टाकावी असं वाटत होतं.

व्यासपौर्णिमेचा दिवस उजाडला. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नव्हता. मामंजी स्नान करून आले, नवा पंचा घेतला आणि हातात एक नारळ. गाडीत बसताना तो मांडीवर ठेवून म्हणाले, “मठातल्या देवापुढं ठेवीन. मीच मला नारळ देतोय.” आणि हसले. मला हसता आलं नाही. गियर टाकताना गाडीला असा हिसका दिला की नारळच घरंगळला.

पडावच्या पुढं गेल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं, “लाव.” मी कॅसेट लावली. जोडीदारांचा आवाज सुरू झाला, मग मामंजींचा. मी आरशात बघितलं. पाठ कानावर पडला की मामंजींचा उजवा हात गुडघ्यावर स्वराबरोबर वर-खाली व्हायचा, घरच्या बैठकीत मी तो वर्षानुवर्षं बघत आले होते. तो आज नुसता पडून होता. ते मधोमध बसलेले, एका बाजूला पिशवी, एका बाजूला पंचा, मागं काचेखाली डावा स्पीकर आणि उजवा स्पीकर, आणि कान देऊन ऐकायचा प्रयत्न करणारा चेहरा. मला रडू यायला लागलं आणि त्याच क्षणी दुसरं काहीतरी डोक्यात आलं. नवऱ्यानं ऐकलं ते दारातून. मिस्तरीनं ऐकलं ते दारातून. मी ऐकते ती पुढच्या कोपऱ्यातून. हे सगळे शहाणे जिथून ऐकतात तिथं मामंजी बसतच नाहीत. आणि ते बसतात तिथं आजपर्यंत कुणी बसलेलं नाही.

मी गाडी ओसरीकडं न नेता मिस्तरीच्या दुकानापुढं उभी केली. मिस्तरी बाहेर आला. “फिर वही?” म्हणाला.

मी मागं वळून म्हटलं, “मामंजी, रागावू नका. पण मला तुमच्या जागेवर बसायचंय.”

ते माझ्याकडं बघत राहिले. धाबळीकडं बघितलं. मला वाटलं आता काही खरं नाही. पण ते म्हणाले, “मोटार ही काही सोवळ्याची जागाच नव्हे. मी आपली मनाची समजूत घालतो.” आणि त्यांनी स्वतः धाबळी उचलली, नीट घडी केली, नारळासकट पुढच्या सीटवर जाऊन बसले. पुढं बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. समोरचा रस्ता न्याहाळत म्हणाले, “पुढून बरंच दिसतं की.”

मी मधोमध बसले. मिस्तरीला बटण दाबायला सांगितलं.

आवाज गेला. म्हणजे कॅसेट चालू होती, पण जोडीदार कुठंतरी तिसऱ्या गल्लीत गेले होते. नुसती वरची खरखर आणि पोकळ काहीतरी. मी डावीकडच्या दाराशी सरकले, दणदणीत. उजवीकडं सरकले, दणदणीत. पुन्हा मधे आले, गायब. मी वेड्यासारखी त्या सीटवर इकडून तिकडं सरकत होते आणि मिस्तरी तोंडातलं पान चावायचं विसरून बघत होता.

कॉलेजात आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचं एक पसरट भांडं होतं. त्यात दोन टोकं एकाच वेळी हलवली की दोन्हीकडून लाटा निघायच्या. एक टोक वर जाताना दुसरं खाली जायला लागलं तर बरोबर मधल्या रेषेवर पाणी हलायचंच नाही. दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकायच्या. ते भांडं मी साताऱ्यातच विसरून आले होते, ते रामनगरच्या बाजारात आठवलं. पाठ भरून घेतला होता एकाच माइकवर, म्हणजे दोन्ही स्पीकरांत तोच आवाज. एक स्पीकर हवा पुढं ढकलत होता, दुसरा त्याच वेळी मागं ओढत होता.

मिस्तरीकडून टॉर्चमधला सेल घेतला. पेटीच्या टोकाशी डाव्या स्पीकरच्या वायरी सोडवून सेलला लावल्या. जाळीतून दिसलं, स्पीकरचा कागद टुपकन पुढं आला. उजव्याला तसंच लावलं, तो आत गेला. मग जाळ्या काढून बघितलं आणि मला नवऱ्याची दया आली. त्यानं दोन्ही स्पीकरांची लाल वायर दाराच्या बाजूच्या टोकाला लावली होती. डावीकडं बाहेर लाल, उजवीकडं बाहेर लाल. देवापुढं दोन समया मांडाव्यात तसं अगदी दोन्हीकडं सारखं. पण स्पीकर आरशातल्या प्रतिमेसारखे उलटसुलट नव्हते, दोन्हींचं अधिकाचं टोक एकाच बाजूला होतं. म्हणून दाराकडचं टोक एकाला अधिकाचं होतं, दुसऱ्याला उण्याचं.

मिस्तरी म्हणाला, “लो, कर लो बात.” आणि उजव्या स्पीकरच्या दोन वायरी त्यानंच उलट्या करून दिल्या. तेवढंच काम. पेटी पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती. संध्याकाळी नवऱ्याला हे सगळं सांगितलं तर त्यानं नेमकं तेवढंच ऐकलं. “बघ, मी म्हटलं होतं ना, अँप्लिफायर चांगला आहे.”

“झालं का?” मामंजी पुढून म्हणाले. “पोरं खोळंबली असतील.”

ते मागं आले, धाबळी अंथरली, बसले. मी कॅसेट मागं घेऊन लावली आणि पुढं जाऊन बसले. आणि ती दोन म्हातारी माणसं गाडीत येऊन बसली. दुसरं काही म्हणता येत नाही मला. जोडीदारांचा तो जाड, तळाशी बसणारा आवाज, आणि त्याच्यावर मामंजींचा. गाडीच्या काचा थरथरल्या. मी आरशात बघितलं. गुडघ्यावरचा हात उचलला गेला, वर, खाली, तिरका. ओठ हलत होते.

बराच वेळ गेल्यावर ते एकदम म्हणाले, “थांबव. मागं घे.”

मी घेतलं.

“आणखी थोडं. हं. पुन्हा.”

मी पुन्हा लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांना हसू आलं. आधी नुसतं नाकातून, मग सगळं पोट हलायला लागलं. मामंजींना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“हा मी चुकलोय,” ते म्हणाले. “स्वर खाली घ्यायचा तो सरळ गेलाय. आणि हा बघ, थांबला नाही. पुढचं उचलून सावरून घेतलं माझं. आयुष्यभर कधी बोलला नाही मला.”

मला वाटलं ते आता रडतील, पण त्यांना एकदम काहीतरी सुचल्यासारखं झालं. ते सरळ बसले. गुडघ्यावरचा हात थांबला.

“मला एवढी बारीक चूक ऐकू येते,” ते म्हणाले. “स्वतःची.”

“येते ना, मामंजी.”

“मग होळीपासून पोरांची आली नाही, ती...” ते थांबले. पंच्यानं डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा डोळे पुसले. “म्हणजे पोरांना आलंय.”

मी पदरात तोंड घालून रडले. मिस्तरी बिचारा उगाच दुसऱ्या गाडीचा बॉनेट उघडून उभा राहिला.

ओसरीपाशी ते नारळ घेऊन उतरले. मी भिंतीबाहेर उभी राहिले. मुलांनी पाठ सुरू केला आणि मी वाट बघत राहिले, आता थांबवतील, आता थांबवतील. पाठ चालत राहिला, सरळ, एका लयीत. मग एके ठिकाणी आवाज आला, “हं, पुन्हा.” मी पुढं होऊन भिंतीला कान लावला. पुन्हा तीच ओळ, आणि पुढं शेवटपर्यंत कुणी अडवलं नाही. मग दगडावर नारळ फुटल्याचा आवाज आला आणि मुलांचा गलका.

मामंजी बाहेर आले ते माझ्या हातावर खोबऱ्याचा मोठा तुकडा ठेवत.

“कुठं चुकली मुलं?” मी विचारलं.

“कुठंच नाही,” ते म्हणाले. “बरोबर म्हणत होती. पण डोक्यात हवा जायला नको.” ते धाबळीवर बसले, पिशवी एका बाजूला ठेवली, पंचा दुसऱ्या बाजूला. “परवा जरा लवकर निघू,” म्हणाले, “पुढचा अध्याय मोठा आहे. आणि ते लाव.”

मी खोबरं तोंडात टाकलं, कॅसेट लावली आणि गाडी पडावच्या रस्त्याला घातली.